काडतुसाची पुंगळी : कागदापासून पितळेपर्यंत

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या कंपासपेटीतून एक लहानशी पितळी नळी काढली आणि आमच्या टेबलावर ठेवली. त्याच्या घरी गोठ्यालगतच्या खोलीत एक जुनी लोखंडी पेटी आहे. तीत मोडीच्या सामानाबरोबर ती कित्येक वर्षे पडून होती. तिचा रंग काळपट हिरवा झालेला, एक तोंड उघडे, दुसरे बंद आणि उघड्या तोंडाशी केसाएवढी बारीक, उभी चीर. "सर, हिचे पेनाला टोपण करणार आहे, फक्त बूड ठोकून सपाट करायला हवे," असे तो अगदी सहजपणे म्हणाला.

ठोकण्याची भाषा ऐकून आमच्या मनात चर्र झाले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. भाषा आणि इतिहास शिकविण्यात आमची वर्षे गेली. ती वस्तू बंदुकीच्या काडतुसाची आहे एवढे आम्हांस कळले. परंतु ती निरुपद्रवी आहे की धोक्याची, हे काही सांगता येईना. म्हणून आम्ही ती रुमालात धरून गावातील एका निवृत्त जवानाकडे नेली. त्यांनी तिचे बूड उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, ही उडालेली पुंगळी आहे. मधल्या टोपीवर खड्डा पडलेला दिसतो ना? तो नसता आणि पुढे गोळी असती, तर मी हिला हात लावण्यापूर्वी तुम्हां सर्वांना दूर उभे केले असते." नंतर त्यांनी त्या घरी जाऊन पेटीही नजरेखाली घातली. सुदैवाने तीत आणखी काही निघाले नाही.

त्या दिवसापासून ही पुंगळी आमच्या मनात घर करून बसली. बोटाएवढ्या ह्या भांड्याची गरज मनुष्यास का भासली? ते पितळेचेच का? आणि तोंडाशी असलेली ती चीर कशाने पडली? ह्या प्रश्नांचा मागोवा घेताना जे हाती आले, ते विद्यार्थीमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे आम्ही येथे ठेवीत आहोत.

नावात दडलेला कागद

आरंभ नावापासून करू. आमची मायबोली कोंकणी. त्यामुळे मराठीत रुळलेला एखादा पोर्तुगीज शब्द भेटला, की आम्हांस जुना शेजारी भेटल्यासारखे वाटते. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेने आपल्याकडे आले, त्याच वाटेने 'काडतूस' हा शब्दही आला. पोर्तुगीज भाषेत त्याचे रूप 'कार्तुशु' असे आहे. त्याच्या मुळाशी 'कार्ता' हा शब्द असून त्याचा संबंध कागदाशी, पत्राशी आहे. आपले पोस्टाचे कार्ड त्याच कुळातील. आजही पोर्तुगीज भाषेत 'कार्तुशु' म्हणजे कागदाची सुरळी किंवा पुडी. आपला वाणी शेंगदाणे बांधून देतो तशी.

म्हणजे आज पितळेने मढलेल्या ह्या वस्तूच्या नावात कागद दडलेला आहे. ह्याचे कारण असे की पहिले काडतूस खरोखरच कागदाची पुडी होते. कागदाच्या ह्या पुडीचे पितळेचे भांडे कसे झाले, हाच आपला आजचा विषय होय.

ठासणीचा काळ

पुडीच्याही आधी काय होते, ते प्रथम पाहू. जुन्या बंदुका ठासणीच्या असत. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतावयाची, तीवर शिशाची गोळी आणि बोळा घालावयाचा, मग लांब गजाने सर्व ठासून बसवावयाचे. नळीच्या मागील टोकाशी एक बारीक छिद्र असे, त्यास कान म्हणत. कानावर रंजक म्हणजे बारीक दारू ठेवून ती जळत्या तोड्याने पेटवावयाची. पुढे तोड्याच्या जागी गारगोटीची ठिणगी आली, तरी ओतणे आणि ठासणे काही सुटले नाही.

ह्या पद्धतीचे दोष उघड होते. एक बार काढून दुसरा भरण्यास वेळ लागे. घाईत दारू कमीअधिक पडे. पावसात रंजक भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. शिवाय उघडी दारू जवळ बाळगणे म्हणजे विस्तवाशी खेळ. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत असलेला असीरगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 1819 साली इंग्रजांनी त्या गडाला वेढा घातला, तेव्हा खुद्द वेढा घालणाऱ्यांच्याच मोर्च्यातील दारूचा साठा अकस्मात उडाला आणि अनेक शिपाई प्राणांस मुकले. शत्रूच्या गोळ्यापेक्षा आपलीच दारू घातक ठरावी, असा तो काळ होता.

ह्यावर सुचलेला पहिला उपाय म्हणजे मोजलेली दारू आणि एक गोळी कागदात गुंडाळून आधीच पुड्या करून ठेवणे. शिपायाने पुडीचे टोक दातांनी फाडावे, दारू नळीत ओतावी आणि गोळी कागदासह आत ठासावी. माप चुकण्याची भीती गेली, वेळ वाचला आणि सरावलेला शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढू लागला. हेच ते काडतूस.

दातांनी फाडावयाची पुडी

ह्याच पुडीने आपल्या देशाच्या इतिहासात मोठी उलथापालथ घडविली. 1853 सालच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल कंपनी सरकारने हिंदी शिपायांस देण्याचे ठरविले. ह्या रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा होत्या. त्यांमुळे गोळी फिरत जाई व नेम दूरवर लागे. परंतु नळीत गोळी सुलभ सरकावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकास वंगण लावावे लागे. 1857 च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडम येथे अशी वार्ता पसरली, की हे वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे आहे. काडतूस तर दातांनी फाडावयाचे! हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही शिपायांच्या श्रद्धेवर हा एकाच वेळी घाव होता.

शिपाई अस्वस्थ झाले, तेव्हा वंगण त्यांनी स्वतःचे स्वतः लावावे, काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे, अशा सवलती देण्यात आल्या. पण एकदा फाटलेला विश्वास त्यामुळे सांधला गेला नाही. 29 मार्च 1857 रोजी बराकपूर येथे मंगल पांडे ह्यांनी शस्त्र उचलले. मीरत येथे 85 स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. 9 मे रोजी त्यांना सर्व पलटणींसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मीरतेत उठाव झाला. त्या महान संग्रामाची कारणे अनेक आणि खोल होती, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकतोच. पण ठिणगी पडली ती ह्या कागदी पुडीवर.

योगायोग असा, की त्याच 1857 साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन ह्यांच्या कंपनीने आपले छोटे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. त्याचे काडतूस धातूचे होते. ते फाडावे लागत नसे, ओतावे लागत नसे, ठासावेही लागत नसे. हा बदल समजण्यासाठी आपणांस थोडे मागे जावे लागेल.

फट कशी बुजवावी?

बंदूक तोंडातून भरण्याऐवजी मागून भरता आली तर केवढा वेळ वाचेल, हे कारागिरांस फार पूर्वीच सुचले होते. अडचण एकच होती. मागे दार ठेवले की फट आली आणि फट आली की दारूचा तप्त वायू तेथून बाहेर झेपावणार. बार काढणाऱ्याचा चेहरा तर त्या फटीच्या अगदी जवळ! नळीच्या तोंडातून भरावयाच्या बंदुकीत मागील बाजू भक्कम बंद असे, म्हणूनच ती पद्धत शेकडो वर्षे टिकली. ह्यापुढचा काडतुसाचा सारा इतिहास म्हणजे ही एक फट बुजविण्याचा इतिहास होय.

पहिली मदत झाली ती एका पाद्र्याची. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ ह्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा भडका दिसताच पक्षी सावध होऊन उडून जात. म्हणून ठिणगीऐवजी नुसत्या आघाताने पेट घेणारे रसायन वापरण्याची युक्ती त्यांनी काढली व 1807 साली तिचे पेटंट घेतले. ह्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. आता पेटविण्याची सामग्री काडतुसाच्या पोटातच ठेवता येणार होती. 1812 साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या जाँ सॅम्युअल पॉली ह्या स्विस कारागिराने तसे केलेही; त्याच्या काडतुसास धातूचे बूड होते आणि पेटविणारे द्रव्य त्या बुडातच बसविलेले होते. कल्पना काळाच्या फार पुढे होती. लष्करांनी तिची दखल घेतली नाही.

1841 साली प्रशियाने ड्रायझे ह्यांची सुईची बंदूक स्वीकारली. ती मागून भरता येई. परंतु काडतूस अजून कागदाचेच होते. कागद जळून जाई, फट मोकळी राही आणि मागून वायूचा झोत निघे. अनेक सैनिक तोंड वाचविण्यासाठी ही बंदूक खांद्याला न लावता कमरेशी धरून उडवीत. 1866 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात ह्याच बंदुकीने प्रशियास भराभर बार काढण्याचा मोठा लाभ करून दिला. पण फटीचा प्रश्न सुटला नव्हता.

तो सोडविला धातूच्या पुंगळीने. फ्रान्समध्ये लफोशो ह्यांनी पितळी बुडाचे काडतूस केले. त्याच्या बाजूतून एक खिळा बाहेर डोकावे. घोडा त्या खिळ्यावर पडला की बार होई. पण असे काडतूस हातातून निसटून खिळ्यावर आपटले तर? मग पेटविणारे द्रव्य बुडाच्या कडेत लपविण्यात आले. स्मिथ आणि वेसन ह्यांचे 1857 चे काडतूस ह्या जातीचे. परंतु कडेवर आघात होण्यासाठी कड पातळ हवी, आणि पातळ कड मोठ्या बाराचा जोर सोसू शकत नाही. शेवटी 1866 च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन व इंग्लंडात एडवर्ड बॉक्सर ह्यांनी स्वतंत्रपणे टोपी बुडाच्या मध्यभागी बसविली. गंमत अशी, की बर्डन अमेरिकन असूनही त्यांची पद्धत युरोपात रुजली आणि बॉक्सर इंग्रज असूनही त्यांची पद्धत अमेरिकेत लोकप्रिय झाली. आमच्या विद्यार्थ्याच्या पुंगळीची टोपीही मधोमधच आहे.

तरी बॉक्सर ह्यांची आरंभीची पुंगळी अखंड नव्हती. पातळ पितळी पत्र्याची सुरळी करून ती वेगळ्या बुडाला जोडलेली असे; जणू कागदाची जुनी पुडीच पितळेत उतरविली होती. 1885 साली सुदानच्या वाळवंटातील लढाईत ह्या पुंगळ्या उष्णतेने व वाळूने बंदुकीत अडकून बसल्या आणि ऐन हातघाईच्या वेळी सैनिकांची शस्त्रे मुकी झाली. त्यानंतर ब्रिटिश फौजेत एकाच तुकड्यातून ओढून काढलेल्या अखंड पितळी पुंगळीस मान मिळाला.

पितळच का?

आता काडतुसाचे अंतरंग पाहू. त्याचे भाग चार : पुढे गोळी, मागे बुडाच्या मध्यभागी टोपी, पोटात दारू आणि ह्या तिघांना एकत्र बांधणारी पुंगळी. चाप ओढला की बंदुकीतील टोचणी टोपीवर आदळते, टोपीतील द्रव्य पेटते, त्याची ज्वाला दारूत शिरते आणि दारूचा क्षणार्धात वायू होतो. आधुनिक रायफलीत हा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या तीन ते चार हजार पट असतो. त्या दाबाने गोळी पुढे धावते. हा सारा खेळ सेकंदाच्या एकदोन सहस्रांश भागात आटोपतो.

एवढ्या अल्प अवधीत पुंगळीस दोन परस्परविरुद्ध कामे करावयाची असतात. दाब चढताच तिची भिंत फुगून नळीच्या आतील बाजूस घट्ट चिकटते व फट पूर्ण बंद करते. एक थेंबभर वायूही मागे येऊ देत नाही. प्रेशर कुकरचे रबरी कडे वाफेच्या दाबाने झाकणाशी घट्ट बसते, तसेच हे. परंतु गोळी निघून जाताच तिने पुन्हा किंचित आकसले पाहिजे. नाही तर ती जागीच चिकटून बसेल आणि पुढील काडतूस भरता येणार नाही. चिकटावे पण अडकू नये, फुगावे पण फुटू नये!

आरंभी तांब्याच्या पुंगळ्या करून पाहण्यात आल्या. तांबे फार मऊ. ते फुगले की फुगलेलेच राही. लोखंडास गंज चढे. सुमारे 70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त मिळून जे पितळ होते, त्यात मात्र फुगण्याचा आणि पूर्ववत होण्याचा हा दुहेरी गुण आढळला. म्हणून त्या पितळेचे नावच 'काडतुसाचे पितळ' असे पडले. पुंगळीची आणखीही दोन कामे आहेत. ती दारूस ओलाव्यापासून जपते, आणि बाहेर फेकली जाताना बाराची बरीचशी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. नुकत्याच उडालेल्या पुंगळीचा चटका बसतो तो ह्यामुळेच.

तांबटाची विद्या

अशी पुंगळी घडते कशी? पितळी पत्र्यातून नाण्यासारखी चकती कापतात. यंत्राच्या दाबाने तिची वाटी करतात. मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात, शेवटी बुडावर टोपीचे घर पाडतात आणि तोंड अरुंद करून तीत गोळी बसवितात.

ह्यातील मर्म आपल्या तांबट-कासारांच्या आळीत उभे राहिल्यास चटकन ध्यानी येते. तांबट पत्र्यावर हातोडी मारीत जातो, तसतसा पत्रा कठीण होत जातो. त्याच अवस्थेत ठोकत राहिल्यास तो तडकतो. म्हणून तांबट मधूनच भांडे भट्टीत तापवून नरम करतो व पुन्हा ठोकू लागतो. पुंगळीच्या कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये धातू तापवून नरम करावाच लागतो. शिवाय चांगल्या पुंगळीचे बूड कठीण व तोंड नरम ठेवतात. कारण बुडाने जोर सोसावयाचा असतो, तर तोंडाने फुगून फट बुजवावयाची असते. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर कित्येकदा निळसर-जांभळी झाक दिसते, ती ह्या तापविण्याचीच खूण होय.

पावसाळ्यातील चीर

आता त्या चिरेकडे वळू. तिचा शोध घेताना जी हकीकत आमच्या वाचनात आली, तिचा संबंध आपल्याच देशातील पावसाळ्याशी आहे.

इंग्रजी अमदानीत पावसाळा लागला की फौजेच्या हालचाली मंदावत आणि काडतुसे कोठे तरी कोरड्या जागी ठेवून देत. अशी जागा पुष्कळदा घोड्यांचा तबेला असे. पावसाळा संपून पेट्या उघडल्या की दिसे काय, तर न उडविताच अनेक पुंगळ्या चिरलेल्या, विशेषतः जेथे त्यांचे तोंड गोळीभोवती आवळलेले असे तेथे. ना कोणी त्यांना ठोकले होते, ना तापविले होते. ऋतुमानाशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत ह्या विकारास 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतूची चीर, असे नाव पडले.

खरे कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्या संशोधकांनी उलगडले. तबेल्यातील घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू निर्माण होतो. तो पितळेस बाधतो. पण एकट्या अमोनियाने अशी चीर पडत नाही. पुंगळी थंड अवस्थेत ओढताना आणि आवळताना धातूच्या आत एक ताण साठून राहिलेला असतो. वरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. आतला ताण आणि बाहेरचा अमोनिया ह्या दोहोंची गाठ पडली, की धातू आपोआप चिरत जातो. उपायही त्यातूनच निघाला. तयार पुंगळी बेताच्या उष्णतेने तापवून तिचा साठलेला ताण उतरवावा आणि ती अमोनियापासून दूर ठेवावी. पुढे पूल, पाण्याचे नळ, यंत्रांचे भाग ह्यांतील धातू अकस्मात का तडकतात, हे समजून घेण्यास ह्या प्रकारच्या अभ्यासाचा मोठा उपयोग झाला.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरची पेटी गोठ्यालगत होती, हे वाचकांस आठवत असेलच. ही चीर बार उडताना पडली की गोठ्याच्या हवेने नंतर पडली, हे आज ठरविता येणार नाही. परंतु घोड्यांच्या तबेल्यात जे घडू शकते, ते गुरांच्या गोठ्यातही घडू शकते. विज्ञानाच्या पुस्तकातील अमोनिया आणि आपल्या गोठ्यातील तो डोळ्यांना झोंबणारा वास एकच आहेत, हे वर्गात सांगितले, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

बुडावरची अक्षरे

पुंगळीच्या बुडावर अक्षरे कोरलेली असतात. आमच्या पुंगळीवर 'के एफ' अशी रोमन अक्षरे आहेत. सालाचे अंक मात्र झिजून गेले आहेत. 'के एफ' म्हणजे पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना. तो 1869 साली स्थापन झाला. ही पुंगळी 'थ्री नॉट थ्री' नावाने घरोघरी ठाऊक असलेल्या रायफलीची आहे. त्या रायफलीच्या नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी 303 भाग, म्हणून हे नाव. तिचे काडतूस ब्रिटिश फौजेत 1888 साली आले. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय ह्यांनी धूर न करणारी दारू शोधून काढली होती आणि लवकरच ह्या काडतुसातही तशी दारू भरली जाऊ लागली. दोन महायुद्धांत आपल्या जवानांनी हीच काडतुसे वापरली. 1962 च्या चीनविरुद्धच्या युद्धातही आपल्या बहुतेक जवानांच्या हाती हीच रायफल होती.

त्या युद्धानंतर देशात नवे कारखाने निघाले. त्यांपैकी एक तर आपल्या उंबरठ्याशीच आहे. इच्छापूरहून मुक्ताईनगरच्या बाजूने भुसावळकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले की वाटेत वरणगाव लागते. तेथील आयुध निर्माणी 1964 साली सुरू झाली आणि रायफलींची काडतुसे हे तिचे मुख्य काम. तिच्या पुंगळीच्या बुडावर 'ओ एफ व्ही' ही अक्षरे असतात. 2021 साली सरकारी आयुध निर्माण्यांची सात महामंडळे करण्यात आली. खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने त्यांतील म्युनिशन्स इंडिया ह्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या, कंपनीत गेले. निवृत्त जवान आम्हांस हसत म्हणाले, "गुरुजी, फौजेत मी गाव इच्छापूर सांगितले, की लोक बंगालचे समजत. तेथे रायफलींचा कारखाना आहे. आपल्या इच्छापुरात देवीची टेकडी आहे आणि शेजारी काडतुसांचा कारखाना!"

काडतुसांची नावे वाचण्याची रीतही त्यांनीच शिकविली. '7.62 गुणिले 51' असे लिहिलेले असेल, तर पहिली संख्या नळीचा व्यास व दुसरी पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ह्या मापाचे काडतूस थ्री नॉट थ्रीनंतर आले. त्यापुढे 1990 नंतरच्या दशकात इन्सास रायफलीबरोबर '5.56 गुणिले 45' हे लहान काडतूस आले. पहिल्याचे वजन सुमारे 24 ग्रॅम, तर दुसऱ्याचे सुमारे 12 ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट काडतुसे नेऊ शकतो.

ह्या वजनाचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या पुंगळीचा असतो. म्हणून पितळेस पर्याय शोधण्याची खटपट सतत चालू आहे. युद्धकाळात तांब्याचा तुटवडा पडला, तेव्हा जर्मनीने लाखेसारख्या लेपाच्या पोलादी पुंगळ्या केल्या. शिकारीच्या बंदुकीच्या काडतुसांत पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिक आले. जर्मनीत तर पुंगळीच नसलेल्या काडतुसाची 'जी-11' नावाची रायफल तयार झाली. पण उष्णता वाहून नेणारी पुंगळी नसल्याने तापलेल्या नळीत दारू आपोआप पेटण्याचे संकट उभे राहिले. त्यावर पुष्कळ उपाय शोधण्यात आले, तरी 1990 च्या सुमारास ती योजना बाजूस पडली. 2022 साली अमेरिकेच्या भूसेनेने निवडलेल्या नव्या 6.8 मिलिमीटर काडतुसाचे बूड पोलादी आहे. अंग मात्र अजून पितळेचेच आहे.

अखेरचे दोन शब्द

विद्यार्थीमित्रांनो, ह्या अभ्यासातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शेतात, नदीकाठी, मोडीत किंवा आजोबांच्या पेटीत काडतुसासारखी वस्तू आढळली, तर ती ठोकू नका, तापवू नका, खिशात घालू नका. जुने झाले म्हणून काडतूस मेलेले नसते. पितळेने आपले काम चोख बजावले असेल, तर आतली दारू कित्येक वर्षांनीही कोरडी असते. टोपीवरील खड्डा पाहून निर्णय घेणे हे जाणकाराचे काम. तुमचे काम एवढेच, की दूर व्हावे आणि वडीलधाऱ्यांस सांगावे. त्यांनी पोलिसांस कळवावे. 112 हा क्रमांक त्यासाठी आहे. परवान्यावाचून काडतूस बाळगणे हा 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हेही घरच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पेनाचे टोपण काही केले नाही. पुंगळी निवृत्त जवानांच्याच स्वाधीन केली आणि त्यांनी ती आमच्यासमक्ष पोलीस चौकीत पोचती केली. आम्ही त्यास वर्गासमोर उभे करून शाबासकी दिली. ती पुंगळी आणल्याबद्दल नव्हती. बूड ठोकण्यापूर्वी त्याने ती आम्हांस दाखविली, ह्याबद्दल होती. त्या दिवशी आम्हांसही उत्तर ठाऊक नव्हते. परंतु त्याने विचारले, आम्ही पुढे विचारले आणि हा लेख लिहिण्याइतके आम्ही शिकलो. हाती आलेल्या अनोळखी वस्तूवर हातोडी उचलण्याआधी 'हे काय आहे?' असे विचारण्याची सवय आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास लागो, एवढीच आमची इच्छा आहे.